गुडघ्याचं सुतक

खोटं बोलाचं तर पुरतं बोलावं, ही माझी रीत. अर्धं खोटं बोलून मग जीव खात बसाचं, हे आपल्याला जमत नाय. पण ह्या माघात मी एक खोटं असं काय बोलले की ते माझ्याच अंगाशी आलं, आणि त्यापायी दोन गडी टकले झाले. त्यातला एक माझा बाप.

मी गिरजा. टोकावड्याच्या स्टँडसमोर वड्याची गाडी लावते ती. माळशेज चढणारी यष्टी माझ्या गाडीसमोर पाच मिनिटं जास्तच थांबते, आणि ड्रायव्हर पासिंजरांना सांगतो की इंजिन तापलंय. नवरा गेला तेव्हापासून मी माहेरीच, स्टँडपासून चालत पाव तासावरच्या गावात. माझा बाप नवसूबाबा. गावात लगीन असो नायतर मयत, काय कराचं आणि काय नाय ते विचाराला माणसं आमच्या ओट्यावर येतात, आणि बाबा जे बोलतो ते गाव ऐकतं. भाऊ शेखर आणि वहिनी दोघंपण भिवंडीला गोदामात, हप्त्यातून एकदा तोंड दाखवतात. त्यांची पोरगी नम्रता, आमची नमी, माझ्याच हाताखाली वाढली. वय अठरा, जीभ माझ्यासारखी, आणि कबड्डीत चढाईला गेली की समोरच्या सातजणी आधी चार पावलं मागं सरकतात. आत्या हाय म्हणून बोलत नाय. कुणालापण विचारा.

तर ह्या नमीचा डावा गुडघा तीन वर्सं दुखत होता. वाटीच्या खाली बोटभर अंतरावर एक टेंगूळ. ओट्याची पायरी उतरताना दुखाचं, उकिडवं बसताना दुखाचं, मॅटवर गुडघा टेकला की डोळ्यात पाणी. आमी बोललो वाढीचं वय हाय, जाईल. बाबानं निरगुडीचा पाला बांधला. एक म्हातारी बोलली गुडघ्याला डाग द्या, तापल्या विळ्याचा. तिला मी अशी हाकलली की ती अजून माझ्या गाडीवर वडा खात नाय. मुरबाडच्या डॉक्टरनं पट्टा दिला, व्यायाम दिला, विश्रांती सांगितली. नमीनं पट्टा बांधला, व्यायाम केला, विश्रांती सोडून सगळं केलं. शेवटी मीच सहा महिने तिचं मैदान बंद केलं, तरी दुखणं जाईना. तेव्हा मात्र मी तिला कल्याणला मोठ्या दवाखान्यात नेली.

तिथं सबनीस म्हणून डॉक्टरबाय. बारीक, चष्मा, बोलणं एकदम सरळ. त्यांनी फोटो काचेवर लावून दाखवला.

"ही वाटी. ही नडगी. दोघींना जोडणारी इथे एक जाड दोरी असते, पाय सरळ करते ती. तुम्ही उडी मारता तेव्हा ती हाडाला ओढते. वाढीच्या वयात हाड कोवळं असतं. हिच्या हाडाचा एक तुकडा त्या ओढीने सुटा झालाय आणि दोरीच्या आत बसून टोचतोय. बहुतेक मुलांचं हे वाढ संपली की आपोआप थांबतं. हिची वाढ संपली, दुखणं थांबलं नाही. तेव्हा आता तुकडा काढू."

मी बोलले, "काढा बाय. आणि काढला की मला दाखवा. तीन वर्सं ज्यानं माझ्या पोरीला रडवलं त्याचं तोंड बघाचं हाय मला."

सोमवारी ऑपरेशन झालं. डॉक्टरबायनं खरंच मला छोट्या डबीत तो तुकडा आणून दिला. चिंचोक्याएवढा. मी त्याला दोन शिव्या घातल्या आणि डबी पिशवीत टाकली.

मग डॉक्टरबाय नमीच्या खाटेजवळ बसल्या. "ऐक नीट. तुकडा काढताना दोरी चिरून बाजूला करावी लागली. ती पुन्हा घट्ट व्हायला बारा आठवडे लागतात. चालणं, व्यायाम, मी सांगीन तसं. मैदान मात्र बारा आठवडे बंद. त्याआधी उडी मारलीस आणि दोरी तुटली, तर कबड्डी विसर. सांभाळलंस तर मे महिन्यात जिल्ह्याच्या निवडीला जाशील, मी स्वतः लिहून देईन."

मी हात जोडले. डॉक्टरबाय बाहेर गेल्या. आणि ह्या कार्टीनं काय केलं? माझा जोडलेला हात सोडवला, धरला, आणि स्वतःच्या डोक्यावर दाबून ठेवला.

"आते, माझी शपथ हाय तुला. बारा हप्ते लागतात हे कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. घरी तीनच सांगाचे."

"नमे, हात सोड! वेडी का खुळी तू?"

"तीन हप्त्यांनी गावदेवीचे सामने हायत. शेणव्याच्या पोरी तीन वर्सं कप नेतात. अख्खं गाव माझ्यावर आस लावून बसलंय, आते. पंकजदादानं बॅनरवर माझा फोटो टाकलाय. एकदाच खेळते, मग बस बोलशील तिथं बसते."

मी हात खेचून घेतला, पण शपथ घालून झाली होती. आता तुमी हसाल. हसा. आमच्याकडं ज्यानं शपथ घातली त्यानं 'सुटली' बोलल्याशिवाय ती सुटत नाय, आणि मोडली तर ज्याच्या डोक्यावरची असते त्याचं वाईट होतं. दुसऱ्या कुणाच्या डोक्यावरची असती तर मी मोडली पण असती, काय बघाचं ते बघून घेतलं असतं. पण हिच्या डोक्यावरची? हिला मी न्हाऊ घातलंय, हिच्या उवा काढल्यात. माझ्या तोंडाला कुलूपच बसलं.

"सुटली बोल, नमे."

"नाय."

"एकदा बोल गो माझी बाय."

"नाय म्हणजे नाय." आणि भिंतीकडं तोंड फिरवून झोपली.

बुधवारी घरी आलो. दवाखान्याची फाईल पोरीनं कुठं दडवली ते देवाला ठाऊक. काठी टेकत ओट्यावर बसली आणि आल्यागेल्याला हसून तीन बोटं दाखवत होती. "तीन हप्ते, बस." पंकज पेढे घेऊन आला. हा पंकज म्हणजे आमच्या पोरींच्या संघाचा शिकवणारा. मुरबाडला मोबाईलचं दुकान, आणि डोक्यावर केस असे की पुढं पिवळा पट्टा, बाजूनं साफ, मध्ये उभा तुरा. दर शुक्रवारी कापून घेतो. बोलला, "गिरजाताय, टायमात होतेय बघ पोरगी. एकविसाव्या दिवशी सामना. देवीच पाठीशी हाय."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं, नमीकडं बघितलं, तोंड मिटलं.

तेवढ्यात बाबा आतून आला. त्याच्या हातात ती डबी. माझ्या पिशवीत तंबाखू शोधत होता, तंबाखूच्या जागी हाड सापडलं.

"ह्या काय गो?"

"नमीचं हाड, बाबा. गुडघ्यातून काढलं ते."

बाबानं डबी उजेडाला धरली. मग हळूच बोलला, "मंग ह्याचा आता काय कराचा?"

आणि तिथंच माझ्या डोक्यात किडा वळवळला. गाव डॉक्टरचं ऐको न ऐको, नवसूबाबाचं ऐकतं. आणि सामने होतात त्या गावदेवीच्या माळावर सुतकाचं माणूस पाय ठेवत नाय. शपथ मला बारा हप्ते न बोलाची होती. सुतकाची कुणी घातली नव्हती.

मी पदर डोक्यावर घेतला, आवाज बारीक केला. "बाबा, माझं बाईमाणसाचं काय कळतं. पण हाड म्हणजे... जळाच्या आधी हाड शरीरातून निघालं, घरात आलं. ह्याचं सुतक लागत असेल काय?"

पंकज फसकन हसला. बाबा नाय हसला. बाबा खाली बसला. सुतकाच्या बाबतीत त्याला कुणी नवा प्रश्न विचारून पंधरा वर्सं तरी झाली असतील. त्याचे डोळे चमकाला लागले.

"काका, काय पण काय," पंकज बोलला. "जिती पोरगी समोर बसलेय, पेढा खातेय. तिचं कसलं सुतक?"

"पोरगी जिती हाय," बाबा बोलला. "हाड मेलाय."

पंकजनं हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. नमी मात्र माझ्याकडं असं बघत होती की नजरेनं माणूस भाजला असता तर मी वड्यासारखी लाल झाले असते. मी तिला डोळा मारला.

बाबानं निकाल दिला. दहा दिवस सुतक. नमीनं माळाकडं फिरकाचं नाय, देवाला हात लावाचा नाय. घरात फोडणी नाय, तळण नाय.

"तळण नाय?" मी बोलले.

"सुतकात कढई चढते काय कदी?"

"अवो बाबा, पण माझी गाडी!"

"तूच तर बोललीस ना सुतक हाय?"

घ्या. दहा दिवस माझी गाडी फडक्याखाली. यष्टीचा ड्रायव्हर रोज हॉर्न मारून बोंबलाचा, "गिरजामावशी, कोण गेलं?" आणि मी काय सांगू? हाड गेलं? अळणी पेज पिऊन पिऊन माझ्या तोंडाची चव गेली. पण बोलले जाऊ दे, पोरीचा पाय वाचला.

पंकज काय गप्प बसणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी परत आला. "नवसूकाका, नमी माझ्या संघाची पोरगी. मी तिला सख्ख्या भाचीसारखी मानतो. तिला सरावाला नाय, निदान माळावर खुर्ची टाकून बसू तरी द्या."

मला वाटलं आता ह्याला कायमचा पळवून लावावा. "भाची मानतोस ना पंकज? मग तू पण सुतकात. दहाव्याला घरच्या बापयांना डोकं करावं लागतं. बाबा करणार, शेखरला कंपनीनं सुटी दिली नाय. मामाच्या जागी तूच बस."

त्याचा हात आपोआप तुऱ्याकडं गेला. मला गुदगुल्या झाल्या. बोलले, आता हा उठंल, चप्पल घालील, आणि सामन्यापर्यंत आमच्या दारात दिसाचा नाय.

पण त्यानं उठाच्या ऐवजी बाबाला विचारलं, "काका, दहाव्याला डोकं केलं की सुतक फिटतं ना?"

"फिटतं."

"मग अकराव्या दिवशी नमी माळावर जाऊ शकते?"

"जाईल की. कोण अडवतं?"

"करतो डोकं," पंकज बोलला.

मी ओट्याचा खांब धरला. अगं आई गं! सुतक फिटतं! गिरजे, तुझं डोकं हाय की खोबऱ्याची वाटी? एवढं मोठं खोटं रचलं आणि ते दहा दिवसांत संपतं हे ध्यानातच आलं नाय. आणि नमी, ती मेली, पेढ्याचा कागद चाटत गालात हसत होती.

मी बाबाच्या मागं लागले. "बाबा, दहा दिवस कमीच होतात. महिनाभर पाळू. वाटल्यास तीन महिने पाळू."

"एवढुशा हाडाला तीन महिने?" बाबा भडकला. "तुझ्या आयेला मी तेरा दिस पाळला. हाड काय तुझ्या आयेपेक्षा मोठा झाला?"

दहाव्या दिवशी सकाळी आमी काळू नदीच्या काठाला गेलो. बुधू न्हावी वस्तरा घेऊन आला. आधी बाबाचं डोकं झालं, मग पंकजचं. पिवळा पट्टा पाण्यात वाहून जाताना पंकज त्याच्याकडं बघत राहिला. खरं सांगते, त्या वेळी मला त्याची दया आली. पोरगा वाईट नाय. डोक्यात फक्त कप, एवढंच.

बाबानं हाड पाण्यात सोडलं. मग पळसाच्या पानावर भाताचा गोळा ठेवला, चार पावलं मागं सरला आणि हात जोडून उभा राहिला. समोर उंबरावर एक कावळा. बघतो, मान वाकडी करतो, हलत नाय.

"हाडाची काय इच्छा राहिली असंल," बाबा बोलला. "बोला कुणीतरी."

मी चटकन पुढं झाले. "नमी घरात शांत बसंल! उड्या नाय मारणार!"

कावळ्यानं पंख खाजवला.

"बारावीचा अभ्यास करील!"

कावळ्यानं आमच्याकडं पाठ केली.

बाबा बोलला, "आजाचा आयकंल." कावळा हलला नाय. तेव्हा तो टकला पंकज घसा साफ करून बोलला, "हाडा, तुझी शपथ घेऊन सांगतो, नमी शेणव्याला हरवंल. कप गावात येईल."

कावळा खाली उतरला. भसकन. अर्धा गोळा एका चोचीत.

बाबाच्या डोळ्यात पाणी आलं. पंकजनं त्याला मिठी मारली, दोन टकली उन्हात चमकली. मी त्या कावळ्याला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथं सांगण्यासारख्या नायत. पुढं दिवसभर गावात एकच बोलणं, देवी बोलली, कावळा बोलला, आता नमी खेळणार. ज्याला डॉक्टरचा एक शब्द ठाऊक नव्हता त्या गावाला कावळ्याचं म्हणणं तोंडपाठ होतं.

त्यानंतर मी गाडी लावली, पण माझं मन कढईत नव्हतं. टाके काढाला नमीनं मला नेलीच नाय, संघातल्या सारिकाला घेऊन गेली, म्हणजे डॉक्टरबायशी माझी गाठच नको. मी दवाखान्यात फोन लावला तर फोनवरची बाय बोलली पेशंटला घेऊन या. पेशंटला घेऊन या! पेशंट माझ्या हाती लागत असती तर फोन कशाला केला असता?

रोज सकाळी मी तिला चहा द्याचे आणि बोलाचे, "सुटली बोल." ती चहा घ्याची आणि बोलाची, "नाय." मी तिच्या आवडीची सुकटीची चटणी केली. नाय. मी जेवण सोडलं. ती माझ्यासमोर बसून माझ्या वाट्याचं पण जेवली. मी तिचे मॅटचे बूट धान्याच्या कणगीत पुरले, तर बाबानं तांदूळ काढताना ते वर काढले आणि देवीचा चमत्कार म्हणून पुसून तिला नेऊन दिले. शेवटी मी तिच्यासमोर रडले. खरं रडले, नाटक नाय.

"नमे, तुझा पाय तुटला ना, तर गाव दोन दिवस हळहळंल आणि तिसऱ्या दिवशी दुसरी नमी शोधंल. मला दुसरी नाय."

तिनं माझे डोळे पुसले. पण शब्द काय दिला नाय. उठून ओट्याच्या पायऱ्या उतरली. एकेक पायरी, आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा. मी मागून बघत होते हे तिला ठाऊक नव्हतं.

एकविसावा दिवस उजाडला. गावदेवीचा माळ माणसांनी भरला. टोकावड्याहून, मुरबाडहून माणसं, शेणव्याहून तर दोन टेंपो भरून. दुपारी चारला मुलींचा शेवटचा सामना, आमी आणि शेणवा. बाबा पहिल्या खुर्चीत, टकल्यावर नवी टोपी. पंकजनं टोपी घातली नव्हती. बोलला, शेणव्याला कळू दे आमी काय घालवलंय. मी माळाच्या कडेला गाडी लावली होती, कारण हात रिकामे ठेवले असते तर मी कुणाचातरी गळा धरला असता.

पंकजनं पहिला डाव नमीला बाहेरच बसवलं. माझी छाती जरा खाली बसली. पण आमच्या पोरी एकामागून एक बाद. सारिका गेली, तिच्यामागं दुसरी. शेणव्याचे गुण चढत गेले. दुसऱ्या डावात दहा मिनिटं राहिली आणि आमी नऊ गुणांनी मागं. तेव्हा माणसांतून एकजण ओरडला, "नमीला काढा!" मग दुसरा. मग अख्खा माळ. "नमी! नमी! नमी!" माझा बाप, पंचाहत्तरीचा माणूस, खुर्चीवर उभा राहून टोपी फिरवत होता.

पंकजनं पंचाला हात दाखवला. बदली.

नमी उठली. गुडघ्याचा पट्टा सोडून सारिकाच्या हातात दिला. माळ असा ओरडला की माझ्या गाडीवरची ताटं थरथरली. ती मॅटपाशी आली, वाकून मॅटला हात लावला, कपाळाला लावला. वाकताना डावा पाय मागंच ठेवला होता, सरळ. हे तिथल्या हजार माणसांत एका माणसाला दिसलं.

चढाई आमचीच होती. नमी मधल्या रेषेवर येऊन उभी राहिली. समोर सातजणी हात धरून. पंचानं शिटी तोंडात घेतली.

पण पोरगी पुढं बघेना. मान मागं वळवली आणि माणसांत काहीतरी शोधाला लागली. खुर्च्यांत शोधलं, देवळाच्या पायऱ्यांवर शोधलं. तिचा चेहरा मी ओळखला. पाच वर्सांची असताना जत्रेत हरवली होती तेव्हा असाच होता. मग माझ्या गाडीचा धूर तिला दिसला, धुरामागं मी दिसले.

"आते!" ती जीव खाऊन ओरडली. "सुटली! आते, सुटली! बोल ना लवकर!"

माळाला काय कळणार? माळ नमी नमी करतच होता. मी मात्र चपला पण काढल्या नाय. हातातला झारा पण ठेवला नाय. माणसं ढकलली, खुर्च्या पाडल्या, दोरी ओलांडली आणि सरळ मॅटवर गेले.

"ओ बाई!" पंच ओरडला. "चपला! चपला!"

"बारा!" मी ओरडले. "बारा हप्ते! डॉक्टर बारा बोलल्यात, तीन नाय! तिच्या पायातली दोरी अजून कच्ची हाय. उडी मारली तर तुटंल, मग आयुष्यात कबड्डी नाय. बारा, बारा, बारा!" वीस दिवस तोंडात दाबून ठेवलेला आकडा, थांबतच नव्हता.

खुर्च्यांवर चढलेली माणसं एकेक करून खाली उतरली. पंकज पुढं आला, नमीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याचा हात हळूहळू डोक्यावर गेला.

"गिरजाताय. मग ते सुतक?"

"मी रचलं."

"आणि कावळा?"

"कावळ्याचं मला ठाऊक नाय. कावळा भुकेला होता."

तो हसतो की मारतो, काय कळेना. मग तो नमीच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला, तिचा पाय बघितला. वाटीखालची चीर लाल होऊन सुजली होती. "एवढं होतं तर मला का नाय सांगितलंस गो? मी बॅनर फाडला असता. दुसरा छापला असता."

नमीचा बांध फुटला. "कसं सांगू? सगळे नमी नमी करतात. आजा करतो. तू डोकं केलंस माझ्यासाठी. मला नाय बोलता येईना. मला रोज वाटाचं कुणीतरी मला धरावं, आणि धरणारीचं तोंड मीच बांधून ठेवलेलं."

बाबा काठी टेकत आला. मला वाटलं आता पहिला फटका माझ्या पाठीवर. तो माझ्याकडं बघून बोलला, "तुझा बघतो मी घरी." मग टोपी काढून नमीच्या डोक्यावर घातली, उन्हासाठी.

पंचाचा जीव कासावीस झाला होता. "अहो, वेळ चाललाय! मॅट मोकळी करा, नायतर शेणव्याला गुण देईन!"

"दे," मी बोलले. "एक कशाला, चार दे. घरी न्हेऊन पण देते पायजे तर."

नमीनं सगळा भार उजव्या पायावर टाकला होता. उभं राहवेना तिला. मी झारा बाजूला टाकला, तिथंच मॅटवर मधल्या रेषेवर बैठक मारली, तिला शेजारी बसवली आणि तिचा पाय सरळ करून माझ्या मांडीवर घेतला. पंच शिट्या मारत होता. शेणव्याच्या पोरी हात सोडून जवळ येऊन बघाला लागल्या. त्यातली एक नमीजवळ बसली आणि बोलली, "माझा पण दुखतो गो. इथंच. कुठल्या डॉक्टरला दाखवलास?"